अक्काच्या जोत्याला लागलेल्या मुंग्या

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार ज्या व्यक्तीचे आहेत ती माझी आत्या. एरंडोलला सारी गल्ली तिला अक्का म्हणायची, म्हणून मी आणि माझी धाकटी बहीणही तिला अक्काच म्हणत आलो. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि बहीण तीन वर्षांची. वडील दुसऱ्याच्या शेतावर सालदार. त्यांनी आम्हा दोघांना आपल्या विधवा बहिणीच्या दारात आणून सोडलं आणि ओट्यावर बसून बराच वेळ रडले, एवढं मला आठवतं. अक्काने लोकांचे पापड लाटले, ज्वारीच्या बिबड्या घातल्या, गोधड्या शिवल्या आणि मला आधी एरंडोलच्या शाळेत व मग जळगावच्या कॉलेजात घातलं. आमच्या घराण्यात माझ्याआधी चौथीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झालो, धुळ्याला हायस्कुलात शास्त्र शिकवायला लागलो, ते तिच्यामुळे.

तिच्या कष्टांबद्दल मी पूर्वी कुठे कुठे बोललो आहे. एका उन्हाळ्यात तिने घराच्या जोत्याला लागलेल्या मुंग्या कशा हलवल्या, हे मात्र मी कधी लिहिलं नाही. त्यात माझी एक लाजिरवाणी गोष्ट आहे म्हणून असेल. त्या आठ दिवसांत मी जे पाहिलं, त्याचं आश्चर्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

नोकरीचं पहिलं वर्ष संपवून मी मे महिन्याच्या सुट्टीत एरंडोलला आलो, तेव्हा स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. बहीण बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे अक्काकडे आलेली होती. तिचं सासर नदीपलीकडच्या एका लहान गावात. तिथे ना नर्स, ना दवाखाना. दोन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यातच, माहेरी यायच्या आधी, तिचं पोट दुखायला लागलं आणि पहिलं बाळ तिथेच गेलं. ती स्वतःही कशीबशी वाचली. या खेपेला अक्काने कुणाचं ऐकलं नाही. सहावा लागताच तिला घेऊन आली. एरंडोलच्या दवाखान्यातली नर्स आमच्या घरापासून चार दारं सोडून राहत होती.

आमचं घर दोन खोल्यांचं. वर मातीचं धाबं, पांढऱ्या मातीच्या भिंती, आणि खाली दोन हात उंचीचं काळ्या दगडाचं जोतं. ते दगड चुन्यात नव्हे, मातीत बसवलेले. मागची खोली अंधारी आणि थंड, म्हणून तीच बाळंतिणीची खोली ठरली होती. तिच्या भिंतीला लागून परस. भिंतीशी चार वांगी, एक लिंबाचं रोप, एक मोगरा. तिथून वीस-पंचवीस पावलं मोकळी जागा, आणि टोकाला मातीचा बांध व त्यावर निंबाचं, म्हणजे कडुनिंबाचं, झाड.

मे महिन्यात आडाचं पाणी तळाला गेलेलं. अक्का त्या झाडांसाठी पहाटे दोन घागरी जास्तीच्या ओढायची. मला ते बघवेना. मी म्हटलं, मी शास्त्राचा मास्तर, मला यावर काही करता आलं पाहिजे. शेतकी खात्याचं एक पत्रक माझ्याजवळ होतं. झाडाच्या बुडाशी पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घातलं की जमिनीतली ओल टिकते आणि पाणी अर्ध्यावर येतं, असं त्यात लिहिलं होतं. ते खरंच आहे. पण मे महिन्यात एरंडोलला पाला कुठून आणायचा? जो होता तो गुरांच्या पोटात किंवा चुलीत गेलेला.

जळगावला माझा एक वर्गमित्र डाळ मिलमध्ये कारकून होता. मिलच्या मागे तुरीच्या टरफलांचा एक ढीग भिजून वास मारत पडला होता. जनावरंही तोंड लावत नव्हती. मी सहा पोती भरून घेतली, एका ओळखीच्या ट्रकवर टाकून एरंडोलला आणली, आणि भिंतीपासून झाडांच्या पलीकडेपर्यंत वीतभर जाडीचा थर पसरला. भिंतीला अगदी चिकटवून. वर दोन घागरी पाणी मारलं. गादीसारखं दिसत होतं.

अक्का दाराशी उभी राहून पाहत होती. "यात डाळीची कणी शे ना रे?" तिने विचारलं.

"थोडी असेल," मी म्हटलं. "तीही कुजेल, तिचंही खत होईल."

तिची बोली अहिराणी. तिचं बोलणं मी इथे बरंचसं माझ्या पुस्तकी भाषेत उतरवतो आहे, त्यात त्याची निम्मी चव जाते, याची मला कल्पना आहे.

झाडं खरोखर तरतरली. चार दिवस अक्काच्या दोन घागरी वाचल्या आणि मी मनातून फार खूश होतो. पाचव्या दिवशी मुंग्या दिसल्या. तांबड्या, बारीक, आणि त्यांच्यातच अधूनमधून मोठ्या डोक्याच्या. दुपारी त्या दिसत नसत. सकाळी आणि दिवेलागणीला टरफलांखालून निघायच्या आणि जोत्याच्या दगडांमधल्या दरजांत शिरायच्या. सातव्या दिवशी त्या मागच्या खोलीत आल्या. बहिणीच्या खाटेच्या चारही पायांखाली अक्काने पाण्याच्या वाट्या ठेवल्या.

"आम्ही साधी माणसं काशीला जाऊन गंगेत पाय बुडवतो," बहीण म्हणाली. "माझी खाट इथेच गंगेत उभी."

त्याच दिवशी एरंडोलचा बाजार होता, आणि बाजाराला आलेल्या विहीणबाई, म्हणजे बहिणीची सासू, सुनेला भेटायला आल्या. बाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी खोली पाहिली, वाट्या पाहिल्या, भिंतीच्या कडेने चाललेली ओळ पाहिली, आणि खाली बसल्या त्या उठेनात.

"माझ्या जावेच्या लेकाचा कान मुंग्यांनी खाल्ला होता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तीन दिवसांचं पोर. आई ग्लानीत, कुणाला कळलं नाही. मी त्या खोलीत होते." मग परसात जाऊन टरफलांचा थर पायाने उकरला आणि विचारलं, "हे इथे कोणी टाकलं?"

मी त्यांच्या मागेच उभा होतो. तोंड उघडणार तोच अक्का म्हणाली, "मी टाकलं. पाणी वाचेल म्हणून."

"भाचा मास्तर, आणि आत्याला एवढं कळू नये? घरात बाळंतीण, आणि भिंतीला तुम्ही मुंग्यांचं वारूळ बांधता?"

"चुकलं माझं, विहीणबाई."

बहिणीने दारातून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. अक्काने तसं का केलं ते मला तेव्हाच कळलं होतं. लेकीच्या सासरी तिच्या भावाची, शिकलेल्या भावाची, काही किंमत राहावी म्हणून. आणि मी ती किंमत राहू दिली.

जाताना विहीणबाई म्हणाल्या, "पुढच्या बाजाराला येईन. तोवर मुंग्या गेल्या तर ठीक. नाहीतर गाडी घेऊनच येईन. सुईण आमच्याकडेही आहे." बहीण त्यांना वाकून नमस्कार करत होती, तिचा हात खाटेच्या काठावर घट्ट धरलेला मला दिसला. ती गाडी आली तर काय होऊ शकतं, हे आम्हा चौघांनाही माहीत होतं.

आमच्याकडे आठ दिवस होते. मी त्यातला पहिलाच दिवस वाया घालवला. अक्का सकाळी पापड पोचवायला बाहेर गेली, तेव्हा मी कंदिलाच्या रॉकेलची बाटली घेतली आणि ज्या दरजेत मुंग्या सर्वांत दाट शिरत होत्या तिच्यात ती रिकामी केली. बाहेरची ओळ फुटली, पसरली, दिसेनाशी झाली. मी हात धुऊन पुस्तक घेऊन बसलो.

तासाभराने आतून बहिणीने हाक मारली. "भाऊ, आत ये. पण पाय जपून टाक."

मागच्या खोलीत तीन ठिकाणांहून मुंग्या वर येत होत्या. जात्याखालून, उंबऱ्याच्या फटीतून, आणि भिंतीच्या कोपऱ्यातून. आधी एक ओळ होती. आता जमीनच हलते आहे असं वाटत होतं. बहीण खाटेवर पाय वर घेऊन बसली होती. मी तिला उचलूनच पुढच्या खोलीत आणलं.

अक्का आली ती वासानेच थबकली. "हाई काय करी राहना रे भाऊ तू?" तिने परसात जाऊन दरज पाहिली, आत जाऊन खोली पाहिली. मग ओट्यावर येऊन बसली आणि पदराने तोंड पुसलं. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मी दर शनिवारी त्यांना काय घालते, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. बाजरीचं पीठ आणि गुळाचा चुरा. लहानपणापासून पाहत आलो होतो. पुष्कळ बायका घालतात, मुक्या जिवाला घास म्हणून.

"कुठे घालते?"

"बांधावर. निंबाखाली."

"दाराशी का नाही घालत? माझे गुडघे दुखतात, बांध लांब आहे. तरी तिथवर का जाते?"

पंधरा-सोळा वर्षं पाहूनही मी तो प्रश्न स्वतःला विचारला नव्हता.

"मी वीस वर्षं त्यांचं पान बांधावर मांडते," अक्का म्हणाली, "म्हणून त्या बांधावर राहतात. तू त्यांचं पान भिंतीशी मांडलंस. वर गारवा दिलास, पाणी दिलंस. बोलावलेल्या पाहुण्यावर कोणी रॉकेल टाकतं का?"

मी दीडशे मुलांना शास्त्र शिकवत होतो. मुंगी हा समाजप्रिय कीटक आहे, तिला सहा पाय असतात, शरीराचे तीन भाग असतात, हे फळ्यावर आकृती काढून शिकवत होतो. आणि हे पीठ-गूळ म्हणजे भोळी समजूत, असंही एकदा वर्गात बोललो होतो.

त्यानंतरचे दोन दिवस अक्काने काहीच केलं नाही, फक्त पाहिलं. खरं म्हणजे मला पाहायला लावलं. तिला लांबचं दिसायचं, जवळचं दिसत नसे. सकाळी आणि सांजेला ती मला जोत्याशी पालथं पाडायची आणि स्वतः शेजारी पाटावर बसायची.

"त्यांच्या तोंडात काय आहे?"

"डाळीची कणी."

"आत चाललीय का बाहेर?"

"आत. मोठ्या डोक्याच्या आहेत ना, त्या कणी फोडून देतात. लहान उचलतात."

"आणखी काय नेतात?"

"पांढरं काहीतरी."

"गोल का लांबट?"

"लांबट. तांदळासारखं, पण मऊ."

"ती पोरं त्यांची. ती कोणीकडे नेतात?"

मी पाहिलं. "दोन्हीकडे. काही आत, काही बाहेर टरफलांत."

अक्काचा चेहरा उजळला. "म्हणजे अजून ठरलेलं नाही. आतल्या घरात अजून नीट बसलेल्या नाहीत. तुझ्या रॉकेलने आत पळाल्या, पण गारवा बाहेर आहे, म्हणून मन तिकडे."

मी आयुष्यात प्रथमच एखाद्या जिवाकडे एवढा वेळ पाहिलं असेन. एक मुंगी आपल्यापेक्षा तिप्पट मोठी कणी उभ्या दगडावरून चढवत होती. ती तीनदा पडली. चौथ्यांदा दुसरी आली, तिने कणीचं दुसरं टोक धरलं नाही, तर पहिलीलाच मागून धरून ठेवलं. का, ते मला आजही सांगता येणार नाही. माझे कोपर सोलवटले होते, ऊन पाठीवर आलं होतं, आणि मला तिथून उठावंसं वाटत नव्हतं. कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली मी मेलेल्या माशीचा पाय पाहिला होता, तेव्हा गुण मिळवायचे होते. इथे कोणी गुण देणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे, उजाडण्याच्या सुमारास, अक्काने टोपली घेतली. टरफलं भिंतीपासून उचलायची आणि बांधाशी निंबाखाली नेऊन घालायची. पण एका दमात नाही. आधी भिंतीजवळची, मग हळूहळू झाडांकडची. बांधाशी नेलेल्या ढिगावर तिने घागरभर पाणी शिंपडलं, बाजूला पीठ-गूळ ठेवला. भिंतीशी एक थेंबही पडू दिला नाही. न्हाणीचं पाणी तिकडे येत होतं, त्याला मातीची पाळ घालून वळवलं.

"मारायचं काही नाही का? डीडीटी तरी?" मी विचारलं. मलेरियावाले मागच्या महिन्यात गल्लीत फवारून गेले होते, त्यांची आठवण झाली.

"फवारलं होतं की. डास गेले. या आल्या," अक्का म्हणाली. "आणि नुसतं मारून जागा तशीच ठेवली तर दुसऱ्या येतील. जागाच नको अशी वाटली पाहिजे."

टोपलीत टरफलं भरताना खालच्या थरात ती पांढरी पोरं शेकड्यांनी उघडी पडली. मी वाकलो आणि थांबलोच. हजारो मुंग्या आजूबाजूला होत्या आणि त्यांच्या पायांशी डाळीची कणी पसरलेली होती. एकीनेही कणी उचलली नाही. प्रत्येकीने आधी पोर उचललं. ज्यांच्या तोंडात आधीपासून कणी होती त्यांनी ती टाकली आणि पोर घेतलं. मी अक्काला सांगितलं. तिला दिसत नव्हतं, पण तिने टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, "टोपली हळू भर. वरून टाकू नको, खालून हात घाल."

दोन दिवस भिंतीशी कोरडी, तापलेली काळी माती उघडी राहिली. बांधाशी गारवा आणि खाणं. पाचव्या दिवशी सकाळी मी तोंड धुवायला परसात आलो आणि पाऊल उचललेलंच राहिलं. जोत्याच्या एका दरजेतून बोटभर रुंदीची तांबडी धार निघाली होती आणि परस ओलांडून सरळ निंबाकडे चालली होती. मी अक्काला हाक मारली. तिने हात कपाळावर धरून पाहिलं. लांबचं तिला दिसत होतं.

"बठ्ठ्या जाई राहन्यात," ती म्हणाली. सगळ्या निघाल्या होत्या. "आते कोणी हलू नका."

बहीण भिंतीला धरून दारात येऊन बसली. मी तिथेच उकिडवा बसलो. शेजारच्या भाभी, आमच्या पलीकडे राहणाऱ्या विणकराच्या घरच्या, कुंपणावरून पीठ मागायला आल्या. अक्काने ओठांवर बोट ठेवलं आणि खाली दाखवलं. त्या वाटी हातात घेऊन उभ्याच राहिल्या. "या अल्ला," एवढंच पुटपुटल्या.

जवळजवळ प्रत्येकीच्या तोंडात काहीतरी होतं. पोरं होती, अंडी होती. काही मुंग्या तर दुसऱ्या मुंगीलाच उचलून नेत होत्या, आणि उचललेली अंग आखडून गप्प होती. धारेच्या दोन्ही कडांना मोठ्या डोक्याच्या उभ्या होत्या, चालणाऱ्यांकडे पाठ करून, तोंड बाहेर. मधल्या वाटेवर मोगऱ्याची एक वाळलेली काटकी आडवी पडलेली होती. धार तिला वळसा घालून गेली, मग दहा-बारा जणींनी ती ओढून बाजूला केली आणि धार सरळ झाली. कोणी सांगितलं? मी पाहत होतो आणि सांगणारा कुठेच दिसत नव्हता.

ऊन निंबाच्या शेंड्यावर आलं तेव्हा दरजेतून एक मोठी आली. इतरांच्या चौपट. पंख नसलेली, जड पोटाची, सावकाश. तिच्याभोवती इतक्या दाटीने मुंग्या होत्या की ती चालते आहे की वाहून नेली जाते आहे, ते कळेना. मी कुजबुजत सांगितलं, "अक्का, राणी."

"कशी आहे?"

"पोट मोठं. चालवत नाही तिला."

"हिच्या सोबत सुईणी किती," बहीण दारातून म्हणाली. "मला सासरी एक नर्स मिळेना."

भाभी तोंडाला पदर लावून हसल्या. अक्का हसली नाही. तिने हात जोडले होते. मीही जोडले. बी.एस्सी. झालेल्या माणसाने मुंगीला हात जोडावेत, याचं त्या वेळी मला काही वाटलं नाही. मी देवळात पुष्कळदा हात जोडून उभा राहिलो आहे, पण इतकं भरून मला तिथे कधी आलं नव्हतं.

भिंत तापायला लागली तेव्हा धार संपली. शेवटच्या पाच-सहा जणी दरजेशी थोडा वेळ घुटमळल्या, आत जाऊन आल्या, आणि निघून गेल्या.

मग अक्का उठली, आणि त्या बाईचा हात कामाला कसा चालतो ते मी पाहिलं. दरजांतली भुसभुशीत माती सळईने उकरून काढली. विरलेला चुना आणि विटांचा बारीक चुरा कालवून दरजा बुजवल्या. "आधी का नाही बुजवल्या?" मी विचारलं. "आधी बुजवल्या असत्या तर त्या आत अडकल्या असत्या, आणि मग बाहेर पडायला एकच वाट, तुझ्या बहिणीची खोली." मग भिंतीच्या कडेने दीड हात रुंदीची पट्टी मोकळी केली, तिच्यावर मुरूम टाकला, चोपण्याने चोपून दगडासारखा केला, वर चुलीतली राख पसरली. वांगी त्या पट्टीच्या बाहेरच राहिली. लिंबाचं रोप आणि मोगरा आत येत होते, ते मुळासकट उचलून पलीकडे लावले. झाडांच्या बुडाशी आच्छादन तिने पुन्हा घातलं, ते मला आवर्जून सांगितलं पाहिजे. पण निंबाच्या वाळक्या पाल्याचं, पातळ, आणि पट्टीच्या बाहेर. "तुझं पत्रक खोटं नव्हतं," ती म्हणाली. "फक्त त्या लिहिणाऱ्याचं घर तिथे नव्हतं." आतली जमीन निंबोळीची पेंड कालवलेल्या शेणमातीने सारवली. खोलीला कडू वास येत होता, पण तो रॉकेलपेक्षा बरा होता.

बाजाराच्या दिवशी विहीणबाई गाडी घेऊनच आल्या. गाडीवान बाहेर थांबला. त्यांनी ओच्यातून गुळाचा खडा काढला, मागच्या खोलीच्या मधोमध ठेवला आणि शेजारी मांडी घालून बसल्या. चहा घेतला नाही. आम्ही सगळे भिंतीला टेकून बसलो. ऊन कललं. एक काळी मुंगी उंबऱ्यावरून आली, गुळाजवळून गेली, भिंतीपर्यंत जाऊन परत फिरली आणि बाहेर निघून गेली. विहीणबाईंनी दिवेलागण होईपर्यंत वाट पाहिली. तिच्यामागून दुसरी आली नाही.

"वाट चुकलेली होती," त्या म्हणाल्या आणि उठल्या. बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग अक्काकडे वळल्या. "कसं केलंत?"

"चूक माझी होती, निस्तरायलाही मीच हवी," अक्का म्हणाली.

मी या वेळीही तिथेच होतो. गाडीवानाला पाणी द्यायच्या निमित्ताने बाहेर गेलो. गाडी रिकामी परत गेली.

चार दिवसांनी सुट्टी संपली आणि मी धुळ्याला आलो. बाळाचा जन्म माझ्यासमोर झाला नाही. मेहुण्यांचं पत्र आलं, मुलगी झाली, दोघी सुखरूप, नर्स वेळेवर होती, खोलीत मुंगीचं नाव नाही. ते वाचून मी शाळेच्या व्हरांड्यात उभा राहिलो आणि तास सुरू झाल्याची घंटा मला ऐकूच आली नाही. तीन दिवसांनी मी अक्काला पत्र लिहिलं. मला आधी कच्चा खर्डा करायची सवय होती, तो माझ्या वहीत राहिला, म्हणून ते पत्र मला जसंच्या तसं इथे देता येतं.

"अक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून हे पत्र लिहितो. बहीण तुला वाचून दाखवेल. तिला सांग, सगळं वाच, काही गाळू नको.

पत्र मिळालं. मुलगी झाली, फार आनंद झाला. मी वर्गात मुलांना पेढे वाटले. ते कशाचे, हे मुलांनी विचारलं, तेव्हा मी मुंग्यांची सगळी हकीकत सांगितली. दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून त्यांना शाळेच्या कुंपणाशी नेलं आणि अर्धा तास नुसतं पाहायला लावलं. मुंगीच्या तोंडात काय आहे, ती आत जाते की बाहेर, एवढंच विचारलं. मागच्या वर्षी मी त्यांना जे शिकवलं ते खोटं नव्हतं, पण मी स्वतः काही न पाहताच शिकवत होतो. दर शनिवारच्या पिठाबद्दल मी वर्गात हसलो होतो, तेही मुलांना सांगून टाकलं.

आता जे लिहितो आहे ते मला तोंडावर बोलता आलं नाही. विहीणबाईंनी विचारलं तेव्हा मी तुझ्या मागे लपलो. एकदा नाही, दोनदा. टरफलं मी आणली, मी पसरली, रॉकेल मी ओतलं. बहिणीला त्या गाडीत बसावं लागलं असतं तर ते माझ्यामुळे. तू माझ्यासाठी बोलणी खाल्लीस, आणि मी गाडीवानाला पाणी देत राहिलो. काल मी विहीणबाईंना वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात हे सगळं लिहिलं आहे, आणि दुरुस्ती तुझी होती हेही. तू रागावशील. माझी त्यांच्याकडची किंमत कमी होईल म्हणशील. होऊ दे. तुझी झाली होती, ती आधी भरून यावी.

तू मला शिकवलंस, म्हणजे शाळेत घातलंस, असं मी आजवर लोकांना सांगत आलो. मला वाटे शिकवणारे दुसरे होते आणि तू फक्त पाठवणारी. त्या सकाळी परसात तू कपाळावर हात धरून उभी होतीस, तुला लांबचं दिसत होतं आणि मला जवळचं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण दोघांनी मिळून जे पाहिलं ते मला एकट्याला कधीच दिसलं नसतं.

गुडघ्यांना तीळतेल लावत जा. बाळाला उन्हात फार वेळ ठेवू नका. नाव काय ठेवलं ते कळव.

बहीण हे वाचताना मध्येच हसेल, तिला हसू दे. पण एकदा तिला थांबवून मधला भाग पुन्हा वाचायला सांग, आणि विहीणबाई तिथे असतील तर जरा मोठ्याने.

तुझा भाचा"